नेट सुसाट झालं आणि लॅपटॉप तापायला लागला

बाबांच्या घरी फायबरचं कनेक्शन आलं आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन. "अगं, आधीचंच बरं होतं. हे नवीन नेट अडकतंय."

"आवाजसुद्धा अडकतो का?"

आवाज नाही अडकत, म्हणाले. अभंग सलग ऐकू येतो. चित्र तेवढं थिजतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं. शिवाय लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की आई स्वयंपाकघरातून विचारते, मिक्सर कुणी लावला? बाबा यूट्यूबवर वारीचं ड्रोनने टिपलेलं चित्रण बघत होते. रिंगण, भगव्या पताका, हजारो टोप्या. नेट भरपूर झालंय तर कंजुषी कशाला, म्हणून त्यांनी व्हिडिओखालच्या चाकात जाऊन सगळ्यात वरचा आकडा निवडला होता: २१६०, तोही साठ फ्रेमवाला, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. फोन करेपर्यंत राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता.

राउटरचा काही दोष नव्हता. दुखणं काय आहे ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं: आवाज सलग, चित्र तुटक.

नेट कमी पडतं तेव्हा आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात, मधोमध गोल फिरू लागतो, आणि खालच्या पट्टीवरचा फिकट भाग, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, चालू ठिकाणाला येऊन टेकलेला असतो. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा हा फिकट भाग छान पुढे पळालेला दिसतो. माल दारात येऊन पडलाय, पण गाठोडी सोडायला माणसं पुरत नाहीत. आवाजाचं गाठोडं हलकं असतं, ते वेळेत सुटतं. चित्र मागे पडायला लागलं की ब्राउझर आवाजाशी ताल राखण्यासाठी मधल्या फ्रेम सरळ टाकून देतो. उडी दिसते ती त्यामुळे.

हे गाठोडं किती घट्ट बांधलेलं असतं, त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. साध्या फुल एचडीत एका फ्रेममध्ये आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १८ कोटी ६६ लाख बाइट, दर सेकंदाला. दोन तासांचा सिनेमा असा जसाच्या तसा पाठवायचा तर १,३४० जीबींच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात ५ एमबीपीएसच्या प्रवाहात तोच सिनेमा साडेचार जीबीत घरी येतो. तीनशे पट आकसून. आणि पडद्यावर दाखवताना तो पुन्हा तीनशे पट फुगवावा लागतो, तेही सेकंदाला तीस वेळा, न चुकता. एका फ्रेमसाठी हातात वेळ असतो सेकंदाचा तिसावा भाग. साठ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर त्याच्याही निम्मा.

आकसवतात कसं? ठिपक्यांची रांगोळी आठवा. बहिणीला फोनवर रांगोळी सांगायची तर आपण काही प्रत्येक कणाची जागा सांगत नाही. "अकरा ते सहा ठिपके घाल, मधल्याभोवती कमळ काढ, तीच पाकळी सहा वेळा फिरव." चार वाक्यांत काम होतं. पुढची रांगोळी थोडीच वेगळी असेल तर आणखी सोपं: "कालचीच काढ, फक्त मोर दोन ठिपके उजवीकडे सरकव." व्हिडिओच्या फाइलमध्ये चित्रं नसतातच मुळी, अशा सूचना असतात. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम येते आणि मग पुढचा बराच वेळ "मागच्या फ्रेममधला हा चौकोन उचल, इकडे ठेव, एवढा फरक मिसळ" असं चालतं. एच.२६४ या पद्धतीत हे चौकोन १६ बाय १६ ठिपक्यांचे. व्हीपी९ मध्ये ६४ बाय ६४ पर्यंत, एव्ही१ मध्ये १२८ बाय १२८ पर्यंत, आणि गरजेप्रमाणे त्यांचे आणखी बारीक तुकडे. सूचना लिहिण्या-वाचण्याच्या या पद्धतींना कोडेक म्हणतात.

कीर्तनकार एका जागी उभे आहेत, मागे स्थिर पडदा आहे, असा व्हिडिओ असेल तर सूचना थोड्या लागतात. ड्रोनमधून टिपलेल्या वारीत सगळंच हलतं आणि प्रत्येक टोपी आपापल्या दिशेने जाते. गुलालाची उधळण, पाऊस, लाटा, वाऱ्यावरची पानं ही तर आकसवणाऱ्याची खरी परीक्षा, कारण "मागच्यासारखंच" म्हणायला तिथे काही सापडतच नाही. सूचना वाढतात आणि त्या उलगडणाऱ्याचं कामही वाढतं. बाबांनी नेमका सगळ्यात जड माल मागवला होता.

यातला "एवढा फरक मिसळ" हा भाग ज्या गणितावर उभा आहे त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौकोनातल्या ठिपक्यांऐवजी त्यातल्या हळू आणि जलद चढउतारांची मोजदाद ठेवायची, आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार गाळून टाकायचे, ही ती युक्ती. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत १९७२ मध्ये यावर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी वाटते, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारल्याचं त्यांनी पुढे लिहिलं आहे. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. आज जेपीईजी फोटोपासून एव्ही१ पर्यंत थोड्याफार फरकाने तेच गणित चालतं. तुमचा पंखा फिरतो तेव्हा त्यातली काही गरगर या "फारच साध्या" कल्पनेची असते.

आता मुख्य मुद्दा. ही रांगोळी रोज हाताने काढायची की छापा वापरायचा?

प्रोसेसर म्हणजे हाताने रांगोळी काढणारी हुशार बाई. कुठलीही रांगोळी सांगा, काढून देईल. पण प्रत्येक रेघ हाताने, आणि सेकंदाला तीस काढायच्या म्हटल्यावर तिला घाम फुटणारच. याउलट दिवाळीच्या बाजारात मिळणारा जाळीचा छापा. त्यावर पावडर पसरली, उचलला, कमळ तयार. कष्ट जवळपास शून्य. मात्र कमळाच्या छाप्यातून मोर उमटत नाही. आजकालच्या जवळपास प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा असा एक कोपरा कायमचा कोरलेला असतो. ज्या कोडेकचा छापा त्यात आहे तो व्हिडिओ अत्यल्प विजेत उलगडतो आणि प्रोसेसर हात बांधून बसू शकतो. कोडेक नवा असेल आणि छापा नसेल, तर सगळं काम मुकाट्याने प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. छापा वापरण्याच्या या सोयीलाच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात.

म्हणून लॅपटॉप "जुना" आहे की "नवा" हे अशा वेळी फारसं उपयोगाचं नसतं. तो कोणत्या कोडेकच्या आधीचा आणि कोणत्या नंतरचा, हे बघायचं. एच.२६४ हे मानक २००३ चं. त्याचा छापा गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक सगळ्या यंत्रांत सापडतो. गूगलचं व्हीपी९ आलं २०१३ मध्ये, पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्याचा पूर्ण छापा सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६ च्या उत्तरार्धापासून आला. एव्ही१ हे २०१८ चं. त्याचा छापा इंटेलच्या अकराव्या पिढीत, एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेतल्या बहुतेक कार्डांत आला; हे सगळं २०२० मधलं. अ‍ॅपलने तर २०२३ मध्ये, एम३ आणि ए१७ प्रो चिपपासून तो दिला. म्हणजे २०१९ मध्ये घेतलेला, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉपसुद्धा एव्ही१ समोर आला की हातानेच रांगोळी काढतो.

मग साइट असा न झेपणारा व्हिडिओ पाठवतेच का? याचं उत्तर मला फार गमतीचं वाटतं. व्हिडिओ सुरू होण्याआधी पान ब्राउझरला विचारतं, "व्हीपी९ येतं का तुला?" ब्राउझर प्रामाणिकपणे म्हणतो, "येतं." त्याला खरंच येतं, कारण छापा नसला तरी हाताने काढायची पद्धत त्याच्याकडे असतेच. किती घाम गाळून येतं, हे या प्रश्नात कुणी विचारलेलंच नसतं. नंतर आलेल्या एका नव्या सोयीत पानाला विचारता येतं की हा व्हिडिओ सुरळीत चालेल का आणि कमी विजेत चालेल का. पण त्या उत्तराला किती वजन द्यायचं, हे साइट ठरवते.

साइटच्या बाजूने बघितलं तर तिचा आग्रह समजतो. एचईव्हीसी (एच.२६४ चा पुढचा अवतार), व्हीपी९, एव्ही१ या सगळ्या कोडेकांचा हेतू एकच: तेवढ्याच दर्जाचं चित्र कमी डेटात. एचईव्हीसी बनवताना एच.२६४ च्या निम्म्या डेटाचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यात परवाना शुल्काची भानगड, म्हणून गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, सिस्को, इंटेल यांनी २०१५ मध्ये संघ करून बिनशुल्काचं एव्ही१ उभं केलं. कोट्यवधी वेळा पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओत डेटाचा चौथा हिस्सा जरी वाचला तरी कंपनीचं वाहतुकीचं बिल केवढं कमी होतं, याचा अंदाज करा. पण डेटा उगाच कमी होत नाही. सूचना जितक्या मोजक्या आणि चलाख, तितकं त्या उलगडणं किचकट. वाचलेल्या वाहतुकीचं बिल पाहणाऱ्याच्या प्रोसेसरवर, बॅटरीवर आणि पंख्यावर फाडलं जातं. छापा असेल तर ते बिल किरकोळ असतं. नसेल तर बाबांसारखं.

तरी मी एव्ही१ ला खलनायक ठरवणार नाही. डोंगराआडच्या गावात टॉवरची एकच काडी मिळते, दिवसाचा दीड जीबी संपत आलाय, अशा माणसाला तोच ४८० चा व्हिडिओ कमी डेटात मिळणं ही चैन नव्हे. ४८० ची फ्रेम छोटी असते, ती हाताने उलगडणं जुन्या यंत्रालाही जमतं. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मंडळींनी एव्ही१ साठी डेव्हिड नावाचा उलगडक लिहिला. तो इतका घोटून लिहिलाय की क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही छापा नसताना तोच वापरतात. गोची होते ती भरपूर नेट, मोठा आकडा आणि छाप्याशिवायचं यंत्र हे तिघं एकत्र आले की.

उलट बाजूचं एक उदाहरण अ‍ॅपलच्या सफारीचं. २०२० पर्यंत सफारी व्हीपी९ च्या प्रश्नाला "नाही येत" असं उत्तर द्यायची. यूट्यूबवर १०८० च्या वरचे आकडे एच.२६४ मध्ये मिळत नाहीत, त्यामुळे सफारीत ४के (म्हणजे २१६०) दिसायचंच नाही आणि लोक चिडायचे. पण मॅकचे पंखे मात्र शांत असायचे.

आता हे आपल्या यंत्रावर तपासायचं कसं? यूट्यूबच्या व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ लिहिलं असेल तर एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, एव्ही०१ असेल तर एव्ही१. तिथेच किती फ्रेम टाकून दिल्या त्याचा आकडा असतो. तो शून्याजवळ थबकलेला असेल तर चिंता नको, डोळ्यांदेखत चढत असेल तर दुखणं सापडलं. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर गेलात की "व्हिडिओ डिकोड" नावाचा आलेख दिसतो, काही यंत्रांवर "व्हिडिओ कोडेक". व्हिडिओ चालू असताना हा आलेख हलत असेल तर छापा कामाला लागलाय. तो सपाट आणि प्रोसेसरचा आलेख छतावर, तर हातानेच चाललंय.

प्रोसेसरचा आकडा वाचताना एक घोळ होतो. विंडोजमधली टक्केवारी सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामाच्या रांगांची, मिळून असते. चार थ्रेडच्या यंत्रावर २५ टक्के बघून माणूस म्हणतो, तीन चतुर्थांश तर रिकामं आहे की! पण त्याचा अर्थ एक थ्रेड पूर्ण जुंपलाय आणि बाकीचे बघ्याची भूमिका घेतायत, असाही असू शकतो. सूचना उलगडण्यातली काही कामं अशी असतात की आधीचा आकडा कळल्याशिवाय पुढचा वाचताच येत नाही. ती चौघांत वाटता येत नाहीत. लिनक्सच्या टॉप या आज्ञेत आणि मॅकच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये उलटं. तिथे १०० म्हणजे एकच थ्रेड पूर्ण भरला, म्हणून २५० सुद्धा दिसतात आणि लोक घाबरतात.

छापा असूनही वापरला जात नाही, असंही सर्रास होतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, जुना किंवा बदनाम असेल तर ब्राउझर त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि न सांगता हातकामाकडे वळतो. कधी कुणीतरी काळ्या पडद्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करायला सांगितलेलं असतं आणि ते तसंच बंद राहतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टम या भागात एकदा बघून घ्या. लिनक्सवाल्यांनी तर हा वनवास वर्षानुवर्षं भोगला. फायरफॉक्सने इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ही सोय लिनक्सवर आपोआप चालू केली ती ११५ व्या आवृत्तीत, जुलै २०२३ मध्ये.

आणि व्हिडिओ उलगडला म्हणजे काम संपलं असं नाही. फ्रेम पडद्याच्या मापाची करायची, पानावरच्या बाकी गोष्टींशी जुळवून मांडायची. यूट्यूबचा अ‍ॅम्बियंट मोड, म्हणजे व्हिडिओच्या कडेने पसरणारा तो रंगीत उजेड, हेही जास्तीचं कामच. जुन्या यंत्रावर तो बंद ठेवावा. गंमत म्हणजे व्हिडिओ पूर्ण पडद्यावर नेला की खर्च अनेकदा घटतो, कारण मग मांडामांड करायला बाजूला काही उरत नाही.

माझ्या मते उपायांतला पहिला सगळ्यात स्वस्त आहे, आणि लोक नेमका तोच टाळतात: आकडा कमी करा. बाबांच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. म्हणजे त्यावर जेमतेम साडेदहा लाख ठिपके आहेत. २१६० च्या एका फ्रेममध्ये ८२ लाख ९४ हजार. प्रोसेसर रक्त आटवून आठ ठिपके काढणार आणि पडद्यावर जागा एकाच ठिपक्याची. २१६० चा साठ फ्रेमवाला व्हिडिओ सोडून ७२० चा तीस फ्रेमवाला घेतला, तर दर सेकंदाला काढायच्या ठिपक्यांची संख्या बरोब्बर अठरा पटीने कमी होते.

दुसरा उपाय एच२६४इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी. ते करतं एवढंच, की पानाने "व्हीपी९ येतं का?" विचारलं की ब्राउझरला "नाही" म्हणायला लावतं. एका थापेवर सगळा कारभार. साइट मुकाट एच.२६४ पाठवते आणि जुना छापा कामाला लागतो. साठ फ्रेमवाले व्हिडिओ अडवायचीही सोय त्यात आहे. बदल्यात १०८० च्या वरचे आकडे दिसत नाहीत आणि डेटा थोडा जास्त जातो. घरी फायबर असेल तर हा सौदा फायद्याचा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघत असाल तर विचार करून. यूट्यूबच्या खात्यातही प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये एव्ही१ ची निवड असते. तिथे कधी हौसेने "नेहमी एव्ही१" केलं असेल तर ते मागे घ्या. आणि पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ काढा. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि वेग कमी झाला की तेच काम तिला आणखी जड जातं.

रविवारी बाबांकडे गेले. त्यांचा लॅपटॉप व्हीपी९ चा छापा येण्याआधीचा निघाला, दोन कोअर, चार थ्रेड. एक्स्टेन्शन टाकलं, आकडा ७२० वर आणला. बाबांचा चेहरा पडला, आपण पैसे फायबरचे भरतोय आणि बघायचं ७२०? मग एकच फ्रेम थांबवून आधी २१६० वर आणि मग ७२० वर दाखवली, कुठली कुठली ते न सांगता. त्यांनी चष्मा पुसला, पुढे वाकले, आणि चुकीची निवडली.

रिंगण सलग सुरू झालं. पाच मिनिटांनी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं, बंद पडला का लॅपटॉप?"